टबाचा पंप आणि दाराची वरची कडी

चौतीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं आणि चौतीस वर्षं माझ्या वर्गात एकच नियम होता. ज्याला उत्तर येतं त्याने गप्प बसायचं. ओठांवर बोट ठेवायचं आणि ज्याला येत नाही त्याला विचार करू द्यायचा. फारच राहवलं नाही तर एखादा इशारा द्यायचा, पण उत्तर सांगायचं नाही. आयतं उत्तर म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास, असं मी म्हणत असे. निवृत्त झाल्यावर असली वाक्यं ऐकायला वर्ग उरला नाही, तेव्हा ती घरच्यांना ऐकावी लागली. घरात आम्ही दोघंच असल्यामुळे 'घरच्यांना' म्हणजे बायकोला.

हा नियम इतका चांगला होता की त्याने माझीच फजिती कशी केली, हे सांगायला जरा धीर गोळा करावा लागतोय.

आम्ही हे घर घेतलं तेव्हा मागच्या पडवीतला गरम पाण्याचा टब घराबरोबर आंदण आला होता. चार माणसं गळ्यापर्यंत बुडतील एवढा. आधीच्या मालकाला हौस असावी. आम्हाला नव्हती. सहा वर्षं आम्ही त्याच्या झाकणावर कुंड्या ठेवल्या आणि त्याला 'मागचं टेबल' म्हणत राहिलो.

मग बायकोचा उजवा खांदा आखडला. आधी वेणी घालता येईना, मग फडताळातलं ताट काढता येईना, मग मागच्या दाराची वरची कडी लावता येईना. ती कडी रोज संध्याकाळी मी लावू लागलो. डॉक्टरीणबाईंनी हात सगळ्या बाजूंनी हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "रोज सकाळी खांदा बुडेल एवढ्या गरम पाण्यात बसायचं आणि पाण्यात हात हळूहळू वर न्यायचा. सहा आठवडे. हात वर जायला लागला तर उत्तम. नाही गेला तर भूल देऊन खांदा सोडवावा लागेल."

"भूल मी घेणार नाही," बायको घरी आल्या आल्या म्हणाली. "मी शुद्धीवर आहे तोवरच हे घर धड आहे."

"तासाभराचा तर प्रश्न," मी म्हणालो.

"तासाभरात तुम्ही काय काय उघडून ठेवाल, याची कल्पना आहे मला."

कुंड्या खाली उतरल्या. टब घासला, भरला, चालू केला, आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे तो चालू झाला.

चार-साडेचार आठवडे झाले असतील, तेव्हा आमची नात दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी आली. मुलीची मुलगी, वय वर्षं नऊ. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती दिवसभर काही ना काही इकडून उचलून तिकडे नेत असते. आल्या दिवशीच तिने आजीच्या खांद्याचा ताबा घेतला. टबातून निघाल्यावर आजीने मागच्या दाराच्या चौकटीशी उभं राहायचं, बोटं लाकडावरून चढवत न्यायची, आणि जिथे थांबतील तिथे मुंगीने स्टुलावर चढून पेन्सिलीने रेघ मारायची. शेजारी तारीख. इतर घरांत चौकटीवर नातवंडांची उंची मोजतात. आमच्याकडे नात आजीला मोजत होती.

रेघ रोज बोटभर वर सरकत होती. वरची कडी अजून बरीच लांब होती, पण दिसत होती.

"ती कडी आजीने स्वतः लावली की जिंकलो," मुंगीने जाहीर केलं. सहा आठवडे भरले की सोमवारी डॉक्टरीणबाई हात बघून भुलेचं ठरवणार होत्या. तोवर मधल्या एकाही दिवशी टब बंद पडून चालणार नव्हतं.

म्हणूनच की काय, आदल्या सोमवारी, तपासणीला बरोबर आठवडा असताना, पंपाखाली थेंब थेंब पाणी साचलेलं दिसलं.

टब विकणाऱ्या दुकानात एक मेकॅनिक होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, "सील गेलं असणार. मला शनिवारच्या आत जमायचं नाही. तुम्ही स्वतः करणार असाल तर सील घेऊन जा, सोपं आहे. फक्त एक लक्षात ठेवा, काम झाल्यावर पंपाच्या दोन्ही बाजूंचे..."

"अहो, चौतीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी वर्ग भरला. विद्यार्थीसंख्या एक. उलट्या बादलीवर बसलेली. आधी तिला नियम सांगितला, ज्याला येतं त्याने गप्प बसायचं. पहिला धडा सुरक्षेचा: मेन स्विच बंद केल्याशिवाय आत हात घालायचा नाही. मुंगीला मी मेन स्विचची मॉनिटर केलं. तिने तो बंद केला, वर कागद चिकटवला, 'आजोबा आत आहेत', आणि परत येऊन बसली.

टबाच्या बाजूची फळी काढली. आत पाइपांचं जंजाळ. मी खडू घेतला आणि पडवीच्या फरशीवर चित्र काढलं. हा टब. टबातून पाणी या पाइपाने निघतं. हा पंप, तो पाण्याला ढकलतो. पंपातून पाणी या हीटरमध्ये जातं, तापतं आणि पुन्हा टबात येतं. गोल गोल. पंपाच्या अलीकडे एक व्हॉल्व्ह, पलीकडे एक. म्हणजे पाइपात सरकणारं एक पातं. दांडा खाली दाबला की पातं आत जाऊन पाणी अडतं, दांडा वर ओढला की वाट मोकळी.

"मग पंप काढायला सगळा टब रिकामा करावा लागत नाही," मुंगी म्हणाली.

"शाबास! इशारासुद्धा न देता!" मी म्हणालो. त्या आठवड्यात खरी शाबासकी मिळवण्यासारखं कुणी बोललं असेल, तर ते तीच.

दोन्ही दांडे खाली दाबले, पंप सोडवला, पाणी रोखणारं जुनं सील काढलं, नवं बसवलं. हे सगळं मी बिनचूक केलं, हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण यापुढे माझ्याबद्दल चांगलं असं काही येणार नाही. पंप परत जागेवर लावला. अलीकडचा दांडा वर ओढला. तेवढ्यात मुंगीने विचारलं, "पण सील पंपाच्या फिरत्या दांड्याला घट्ट धरतं, तरी दांडा अडत कसा नाही?"

इतका सुंदर प्रश्न मला कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी हात पुसले, रुमाल समोर दिसला त्या आकड्यावर लटकवला आणि वीस मिनिटं उत्तर दिलं. मग फळी शेजारी टेकवून ठेवली आणि म्हणालो, "मॉनिटर, स्विच!"

पंप घुमला. एक थेंब गळला नाही. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. अर्ध्या मिनिटाने पॅनेलवर तीन अक्षरं लुकलुकू लागली. माहितीपुस्तकात त्यांचा अर्थ दिला होता: पाण्याचा प्रवाह नाही, म्हणून हीटर बंद.

"आता खरा अभ्यास," मी म्हणालो. मला आनंदच झाला होता, हे कबूल करतो.

मुंगीने आत वाकून पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग ती बादलीवर जाऊन बसली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं.

मी म्हणालो, "दात दुखतोय का?"

तिने नकारार्थी मान हलवली.

मंगळवारी दुपारी मी फिल्टर धुतला. तो स्वच्छच होता. मग पंपात हवा अडकली असेल म्हणून पंपाच्या जोडावरची मोठी चकती जरा सैल केली. हवा आली नाही, पाणी आलं. ते सरळ माझ्या बाहीत शिरलं आणि पायजम्यातून बाहेर पडलं.

"पाणी आहे!" मी विजयाने म्हणालो. "म्हणजे इथवर वाट मोकळी आहे."

"इथवर," मुंगी म्हणाली.

"हो, इथवर."

"आजोबा, पाणी असणं आणि पाणी चालणं एकच का?"

मी चिंब होतो, पण गुरूचा धर्म सोडला नाही. तिला साठलेलं पाणी आणि वाहतं पाणी यांतला फरक नीट समजावला. बादलीचं उदाहरण दिलं, नदीचं दिलं. ती मन लावून ऐकत होती. मधूनच माझ्या रुमालाकडे बघत होती. मला वाटलं, पोर बिचारी मला रुमाल देऊ बघतेय, पण संकोचतेय.

बुधवारी सकाळी बायको टबाच्या काठाशी आली, पाण्यात बोट बुडवलं आणि काढून घेतलं. "थंड पाण्यात बसले तर आहे तो खांदाही जाईल," ती म्हणाली. तिने गरम पाण्याची पिशवी घेतली आणि चौकटीशी उभी राहिली. रेघ सोमवारच्याच जागी आली. मुंगीने तारीख लिहिली आणि पेन्सिल दातांत धरून माझ्याकडे पाहिलं.

"आज होतंय," मी म्हणालो.

बुधवारी मी प्रवाह ओळखणारा सेन्सर काढला. हा हीटरच्या तोंडाशी असतो, अंगठ्याएवढा. पाणी वाहत नसेल तर तो हीटरला चालू होऊ देत नाही, नाहीतर कोरडा हीटर जळून जाईल. मी तो फिरवून बाहेर काढला मात्र, त्या भोकातून टबातलं पाणी कारंज्यासारखं उडालं. मी भोकावर अंगठा ठेवला. आता अंगठा काढता येईना आणि सेन्सर हाताशी येईना. मुंगीने तो उचलून माझ्या दुसऱ्या हातात दिला, आणि त्याबरोबर कोरडा टॉवेलही. तिने तो घरातून आणला होता. रुमालाला हात लावला नव्हता.

"हीटरमध्येही पाणी आहे!" मी ओरडलो. "म्हणजे सेन्सरच खोटं बोलतोय!"

आतून बायको म्हणाली, "सगळे खोटं बोलतायत. फिल्टर, हवा, सेन्सर. तुम्ही तेवढे खरे."

मी सेन्सर पुसला, त्याची तार तपासली, परत लावला. पंप चालू केला. तो घुमला, तापला. पंप तापलाय म्हणजे काम करतोय, असं मी मुंगीला सांगितलं. खरं तर पंप बिचारा बंद भिंतीवर डोकं आपटत होता, म्हणून तापला होता. त्याची आणि माझी अवस्था एकच होती, फक्त त्याला ती कळत होती. पाच मिनिटांनी तो आपणहून बंद पडला.

संध्याकाळी पडवीत आलो तर फरशीवरच्या माझ्या चित्रात कुणीतरी पंप आणि हीटर यांच्या मध्ये खडूने एक जाड आडवी रेघ मारली होती. मी पायाने पुसून टाकली.

"मुंगी, शास्त्रीय आकृतीत रेघोट्या मारायच्या नाहीत."

"बरं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी अनेक वर्षं ओळखत आलोय. मूर्ख विद्यार्थ्याकडे बघताना ते माझ्या डोळ्यांत असायचं.

गुरुवारी मी पंप परत काढायचं ठरवलं. सील उलटं बसलं असेल, म्हणून. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, त्या मेकॅनिकला परत फोन करा. काय सांगत होता तो?"

"काहीतरी दोन्ही बाजूंचं."

"मग दोन्ही बाजू बघा की."

"दोन्ही बाजूंच्या चकत्या घट्ट आवळा, असं सांगत असणार. आवळल्यात मी."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको म्हणाली. "माझी काख उघडत नाही, नाहीतर मीच काढून दिला असता."

हे बोलून ती चौकटीशी गेली. मी पाना हातात घेऊन तसाच उभा राहिलो, कारण मुंगी स्टुलावर चढली होती. बायकोची बोटं चढू लागली. सोमवारच्या रेघेच्या दोन बोटं खालीच ती थांबली. तिने श्वास घेतला आणि अजून एकदा ढकलली. ओठ घट्ट मिटले होते. बोटं तिथेच.

मुंगीने रेघ मारली. तारीख लिहिली. पेन्सिलीचं टोक मोडलं.

"असू दे गं," बायको म्हणाली. "एका तासाची तर भूल. मी उठेपर्यंत तू आजोबांवर लक्ष ठेव."

मुंगी स्टुलावरून उतरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, मी नियम मोडू का?"

"कुठला?"

"उत्तर सांगायचं नाही, तो."

आता कुणालाही वाटेल की इथे तरी म्हाताऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अत्यंत प्रेमाने म्हणालो, "नको, बाळ. मी अगदी जवळ आलोय."

"अहो!" बायकोने डाव्या हाताने चौकटीवर अशी थाप मारली की वरची कडी वाजली. "मुंगे, सांग. मी सांगते, सांग."

मुंगीने माझं बोट धरलं, टबापाशी नेलं, आत वाकली आणि माझा रुमाल काढून माझ्या हातात दिला. रुमालाखाली आकडा नव्हता. पंपाच्या पलीकडच्या व्हॉल्व्हचा दांडा होता. खाली दाबलेला. मंगळवारी सकाळी मीच दाबलेला.

"हा वर करायचा राहिलाय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी दांडा वर ओढला. पाइपात गटगट आवाज झाला, तीन दिवसांची तहान असावी तसा.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"मंगळवारी."

"मंगळवारी!"

"तुम्ही प्रश्नाचं उत्तर देताना रुमाल टांगलात ना, तेव्हाच. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलाय, माझी परीक्षा घ्यायला. मग वाटलं, नाही. मग मी इशारे दिले. पाणी चालतं का, विचारलं. रुमालाकडे किती वेळा बघितलं. चित्रातसुद्धा काढून दाखवलं, तर तुम्ही ते पुसलंत!" आता तिला हुंदके आवरेनात. "ज्याला येतं त्याने गप्प बसायचं, तुम्हीच म्हणालात. आणि आजीची रेघ खाली आली."

चौतीस वर्षांत माझ्या वर्गात किती मुलं ओठांवर बोट ठेवून बसली असतील, आणि त्यांतल्या किती जणांनी माझ्याकडे असं पाहिलं असेल, याचा हिशोब मी तिथे बादलीवर बसून करू लागलो. पुरा झाला नाही. बायको डावा हात मुंगीच्या पाठीवरून फिरवत होती.

"नियमात एक दुरुस्ती करू या," मी म्हणालो. "तूच सुचव."

तिने नाक पुसलं. माझ्याच रुमालाला. बराच विचार केला. "कुणाला दुखत असेल तर लगेच सांगायचं. आणि आजोबा जवळ आलोय म्हणाले तर त्याच्याही आधी सांगायचं."

मंजूर झालं. एकमताने नव्हे, दोन विरुद्ध शून्य. मला मत नव्हतं.

तिने मेन स्विच लावला. पंपाचा आवाज बदलला, टबाच्या कडेने पाणी उसळू लागलं आणि पॅनेलवरची तीन अक्षरं गेली. एवढं पाणी तापायला पुरती एक रात्र लागते. शुक्रवारी सकाळी बायको पाण्यात उतरली तेव्हा वाफ निघत होती. ती डोळे मिटून इतका वेळ बसली की मुंगीला दोनदा 'आजी, झालं का?' विचारावं लागलं.

शुक्रवारची रेघ जुन्या जागी आली. शनिवारची वर. शनिवारी मेकॅनिकही आला, कारण त्याला नको म्हणून कळवायला मी विसरलो होतो. त्याने सगळं तपासलं, सील छान बसलंय म्हणाला आणि जाता जाता विचारलं, "दोन्ही व्हॉल्व्ह उघडले होते ना लगेच?"

मुंगीने तोंड उघडलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. कुणाला दुखत नव्हतं, म्हणजे नियमात बसत होतं. खरं तर मला दुखत होतं, पण ते मी बोललो नाही.

सोमवारी बोटं कडीच्या बरीच खाली थांबली. तीन दिवस बुडाले नसते तर आणखी वर गेली असती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मुंगीने वहीत उतरवून आणलेल्या सगळ्या रेघा पाहिल्या. मधला खड्डा बघून त्यांनी विचारलं, "इथे काय झालं?"

"इथे आजोबा झाले," बायको म्हणाली.

त्या हसल्या. हात वर चाललाय, तेव्हा अजून एक आठवडा टब, भूल सध्या नाही, असं त्यांनी सांगितलं. बाहेर आल्यावर बायकोने माझा दंड धरला, उजव्या हाताने.

मुंगी परत जायची त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळी बायको टबातून निघून आत गेली. मी पडवीत फिल्टर धूत होतो. टबाची देखभाल आता माझ्याकडे आहे, फक्त काम संपल्यावर मुंगी येऊन दांडे मोजते. एक, दोन. मगच स्विच लागतो.

मागे खट्ट असा आवाज झाला. हात पुसून दार ढकललं. उघडेना. पुन्हा ढकललं. खालून मोकळं होतं, वरून घट्ट. आतून मुंगीच्या नाचण्याचा आवाज येत होता, आणि बायकोच्या हसण्याचा. इतकी हसताना ती मला कित्येक महिन्यांत ऐकू आली नव्हती.

"अहो," ती दारापलीकडून म्हणाली, "दार का उघडत नाही, विचार करा. घाई नाही."

मी ओल्या पायजम्यात उभा होतो. हातातल्या फिल्टरमधून पाणी पायावर गळत होतं.

"आजोबा," मुंगीचा आवाज आला, "इशारा देऊ?"

"नको," मी म्हणालो. "उत्तरच सांग."